शेजारच्या काकू, कामाच्या मावशी

मराठी मध्यमवर्गीय घरात शेजारीण ‘काकू’ असते आणि धुणीभांडी करणारी बाई ‘मावशी’. दोघी एका वयाच्या असल्या तरी या हाकांची अदलाबदल सहसा होत नाही. रुग्णालयातली आया मावशी, शाळेतले वर्ग झाडणारी मावशी. कचेरीतला शिपाई मामा आणि चौकातला हवालदारही मामाच. पगारावर राबणाऱ्यांना हाक मारताना आपण पुन्हा पुन्हा आईच्या माहेराकडे वळतो, आणि हा योगायोग असावा असे मला वाटत नाही. आपल्या कुटुंबरचनेत हक्क वडिलांच्या बाजूने चालत आले. काका जमिनीतला वाटेकरी. भाऊबंदकी हा शब्दच त्या बाजूचा. बारशाला नाव ठेवण्याचा मान आत्याचा, आणि तो चुकला तर रुसण्याचा अधिकारही तिचाच. मामाला लग्नात मान मिळतो, पण घराच्या वाटणीत त्याला स्थान नाही. मावशीच्या वाट्याला तर निव्वळ माया. ‘माय मरो पण मावशी जगो’ ही म्हण मावशीकडून सगळे मागते आणि तिला काय द्यायचे याबद्दल गप्प राहते. कामाला येणाऱ्या बाईला आत्या म्हणणारे घर शोधून सापडणार नाही. रिक्षावाले काका आणि वॉचमनकाका आहेतच, तेव्हा हा नियम काटेकोर नाही हे मान्य; पण उंबऱ्याच्या आत येऊन आपल्या उष्ट्या भांड्यांना हात लावणाऱ्या बाईपुरता तो फारसा ढळत नाही.

‘मोलकरीण’ हा शब्द आज अपमानाचा वाटतो आणि त्याला कारणेही आहेत. तरी त्या शब्दात मोल होते. काम आहे, त्याची किंमत आहे, हे तो उघड सांगत होता. मावशी म्हटल्यावर मोल नजरेआड होते. मग पगारवाढ मागणे हा कोरडेपणा ठरतो, चार दिवसांची रजा म्हणजे दगा, आणि ‘घरच्यासारखं वागवलं’ हे वाक्य हिशेबाच्या जागी येऊन बसते. १९८०मध्ये पुण्यातल्या घरकामगार बायकांनी संप केला, तेव्हा त्यांना हेच नाते बाजूला ठेवून बोलावे लागले. २००८च्या महाराष्ट्र घरेलू कामगार कल्याण मंडळ अधिनियमाने त्यांना कायद्यात ‘कामगार’ हे नाव दिले. स्वयंपाकघरातली हाक मात्र तीच राहिली.

यावर कोणी म्हणेल की हाकेतली ही ऊब काढून घेतली तर उरेल फक्त व्यवहार, आणि ‘ए बाई’पेक्षा मावशी केव्हाही बरी. दुसरा मुद्दा मला पूर्ण पटतो. पहिला पटत नाही, कारण हिशेब आला की माया जाते याला आधार नाही. गिरणगावातल्या खाणावळवाल्या बायका कामगारांना महिन्याच्या हिशेबाने जेवू घालत. प्रेमा पुरव यांनी १९७५मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले आणि या बायकांना बँकेचे कर्ज मिळू लागले. ‘ही घरात चार डबे करते’ एवढ्यावरून त्यांची ओळख उद्योग करणाऱ्या बाईपर्यंत आली. म्हणून ताटातली भाजी बेचव झाली नाही. जिव्हाळा खोटा नसतो. पण भूमिका आधी ठरते आणि जिव्हाळ्याला तिने आखलेल्या जागेतच वाढावे लागते.

ही जागा दिवाळीत सर्वांत स्पष्ट दिसते. कारखान्यातल्या कामगाराला मिळतो तो बोनस. १९६५च्या कायद्याने तो त्याचा हक्क ठरला. घरकाम करणाऱ्या बाईला मिळते ते पोस्त: फराळाचा पुडा, एखादी साडी, पाकिटात मनाला येईल ती रक्कम. दोन्ही हसतमुखाने दिले-घेतले जाते, पण यंदा बोनस कमी का, हे कामगार विचारू शकतो. मावशीने पोस्ताबद्दल तेच विचारले, तर ती त्या घरची मावशी उरत नाही.