अवेळ

वेळच्या वेळी सर्व काही करणारा माणूस आपल्याकडे चांगला माणूस समजला जातो. पहाटे उठणे, दिवेलागणीला घरी असणे, ठरल्या वेळी जेवणे आणि ठरल्या वेळी निजणे, हे केवळ प्रकृतीचे नियम नसून त्यांना काही नैतिक अधिष्ठान आहे, असे मानूनच आपण वाढलो. इंदूरसारख्या ठिकाणी चार-पाच पिढ्यांपूर्वी येऊन स्थिरावलेल्या कुटुंबांत तर हा आग्रह अंमळ अधिकच. मुलूख सुटला, पण दिनक्रम सुटू दिला नाही, याचा आपल्याला अभिमान वाटत आला आहे. हा नियमितपणा खरोखर सद्गुण आहे काय, असा प्रश्न मला वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी पडला, आणि तो माझ्या आईमुळे पडला.

आईचे वय एक्क्याण्णव. गेली दीड-दोन वर्षे तिला दिवस-रात्रीचे भान राहिलेले नाही. रात्री दोन वाजता ती उठून बसते, केस विंचरते आणि चहा मागते. प्रारंभी मी समजूत घालीत असे. पुढे रागावू लागलो. "आई, ही काय चहाची वेळ आहे?" या प्रश्नावर तिचे उत्तर ठरलेले असे, "अरे, जाग आली की सकाळच ती." हे उत्तर मला हट्टाचे वाटे. वेळेचा विसर पडणे म्हणजे माणूसपणाची एक पायरी उतरणे, अशी काहीशी भावना माझ्या रागामागे होती, हे आता कबूल केले पाहिजे.

याच सुमारास उत्तर ध्रुवाकडील रेनडियर या हरणांविषयीचे काही संशोधन वाचनात आले. नॉर्वेच्या उत्तरेस स्वालबार नावाचा द्वीपसमूह आहे. आपल्या गोव्यात वास्को येथे असलेल्या ध्रुवीय संशोधन संस्थेचे 'हिमाद्री' हे केंद्र २००८ पासून तेथेच आहे, म्हणून हे नाव वाचकांस सर्वस्वी अपरिचित नसावे. तेथील मुख्य वस्तीत साधारण २० एप्रिलपासून ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत सूर्य मावळत नाही, आणि ऑक्टोबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत उगवत नाही. जेथे महिनोन्‌महिने सकाळच होत नाही, तेथे राहणाऱ्या प्राण्याने कोणत्या वेळी उठावे?

२००५ साली ट्रॉम्सो येथील शास्त्रज्ञांनी या हरणांच्या हालचालींची दीर्घकाळ नोंद करून निष्कर्ष प्रसिद्ध केला, की अखंड उजेडाच्या उन्हाळ्यात आणि अखंड अंधाराच्या हिवाळ्यातही स्वालबारच्या रेनडियरमध्ये चोवीस तासांचा क्रम आढळत नाही. मुख्य भूमीवरील रेनडियरमध्ये तो केवळ उन्हाळ्यात लोपतो. २०१० साली आणखी पुढची गोष्ट पुढे आली. झोपेशी संबंधित असलेले मेलाटोनिन हे संप्रेरक या प्राण्याच्या रक्तात अंधार होताच वाढते आणि उजेड पडताच घटते. आतल्या घड्याळाच्या ठोक्याची ते वाट पाहत नाही. घड्याळाचे काम करणाऱ्या जनुकांचा ठेकाही त्यांच्या पेशींत टिकून राहताना दिसला नाही.

मग ही हरणे बेशिस्त आहेत काय? तसे मुळीच नाही. चरणे, बसून रवंथ करणे, पुन्हा उठून चरणे, असा काही तासांचा फेरा ती दिवस-रात्र चालू ठेवतात. त्यांची वेळ पोट ठरवते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले, की रवंथ करताना त्यांच्या मेंदूतील लहरी गाढ झोपेतील लहरींसारख्या असतात, आणि जितका रवंथ अधिक तितकी झोपेची गरज कमी. उन्हाळ्यात ज्या काळात भरपूर खाऊन घ्यायचे, त्या काळात विश्रांतीही खाण्याच्या ओघातच उरकते. म्हणजे क्रम आहे, पण तो सूर्याचा नव्हे, गरजेचा.

येथवर वाचून मला आईची बाजू सापडली असे वाटले. परंतु घाईने काढलेला निष्कर्ष बहुधा अपुरा असतो. २०१८ साली मोकळ्या रानात वावरणाऱ्या स्वालबारच्या रेनडियरची हालचाल, हृदयाचे ठोके आणि शरीराचे तापमान यांच्या अधिक बारकाईने घेतलेल्या नोंदी प्रसिद्ध झाल्या. त्यांत ध्रुवीय रात्रीतही चोवीस तासांचा एक क्षीण क्रम टिकून असल्याचे आढळले. शास्त्रज्ञांचा हा वाद अद्याप मिटलेला नाही, आणि तो मिटविण्याचा अधिकार मला नाही. पण दोन्ही बाजू एकत्र ठेवल्या तर एवढे म्हणता येते, की या प्राण्याचे घड्याळ असलेच तरी ते हुकूम सोडीत नाही. उपयोग असेल तेव्हा त्याचे ऐकले जाते. नसेल तेव्हा ते मुकाट्याने मागे राहते.

येथे कोणी आक्षेप घेईल, की हरणांवरून माणसाने नीती शिकावी काय? आक्षेप रास्त आहे. प्राणी कसे वागतात यावरून आपण कसे वागावे हे सिद्ध होत नाही. परंतु 'वेळेवर उठणे हा निसर्गनियम आहे, म्हणून तो धर्म आहे,' हा युक्तिवाद आपणच निसर्गाच्या नावाने करीत आलो. निसर्गाची साक्ष काढल्यावर साक्षीदार उलटला, तर निदान तो आधार सोडून दिला पाहिजे. रेनडियर आपल्याला नीती देत नाही. एक खोटे प्रमाण तेवढे काढून घेतो.

तरीही नियमितपणाला दुसरा आधार उरतोच, आणि तो अधिक बळकट आहे. तो आधार म्हणजे सोबत. स्वालबारला लांडगे नाहीत; तेथील रेनडियर दोन-चारांच्या गटाने हिंडतात. मुख्य भूमीवर मात्र शेकडोंचे कळप असतात, आणि कळपाने राहायचे तर उठणे-बसणे बऱ्याच अंशी एकत्र व्हावे लागते; एरवी चरणारे पुढे जातील आणि रवंथ करणारे मागे राहतील. याची किंमत प्रत्येकाला द्यावी लागते. कुणाला भूक लागण्याआधी उठावे लागते, तर कुणाला दम खाण्याआधी चालावे लागते. रेनडियरच्याच कुळातील तांबड्या हरणांविषयी असे निरीक्षण आहे, की कळपातील सुमारे ६० टक्के प्रौढ उभे राहिले की कळप निघतो. उरलेल्या ४० टक्क्यांची विश्रांती तेथे संपते. सोबत नेहमीच तारते असेही नाही. ऑगस्ट २०१६ मध्ये नॉर्वेतील हार्दांगरविद्दा या पठारावर वादळात एकमेकांना बिलगून उभा असलेला एक कळप विजेच्या तडाख्यात सापडला, आणि ३२३ रेनडियर दगावले. त्यांत ७० पाडसे होती.

म्हणून 'ठरलेली वेळ' ही मुळात सोबत राहण्यासाठी केलेली तडजोड आहे, असे मला वाटते. तडजोड ही क्षुद्र गोष्ट नव्हे. वेळेवर येणारा माणूस दुसऱ्याला ताटकळत ठेवीत नाही, हे सौजन्यच आहे. पण मग नैतिक प्रश्नाचे रूप बदलते. कोण नियमित आहे हे विचारून भागत नाही. कळपाच्या वेळेची किंमत कोण भरतो, हे विचारावे लागते.

हा प्रश्न मी माझ्याच घराला विचारला आणि उत्तराने ओशाळलो. माझा पुतण्या आमच्याच घरी राहून अमेरिकेतील एका कंपनीचे काम रात्रभर करतो. त्याच्यासाठी थर्मासमध्ये चहा भरून ठेवलेला असतो. तो दुपारी बारापर्यंत झोपला तर आम्ही आवाज न करता वावरतो. म्हणजे रात्री जागणाऱ्या दोन माणसांपैकी एकाच्या जागण्याला आम्ही नोकरी म्हणत होतो आणि दुसरीच्या जागण्याला दोष. वेळ मोडल्याचे दुःख आम्हाला नव्हतेच. पगार मिळत असेल तर मोडलेली वेळ आम्हाला चालत होती.

याहून बोचणारी गोष्ट नंतर ध्यानात आली. ज्या दिनक्रमाचा मला अभिमान, तो साठ वर्षे कोणी चालविला? आम्हाला सहाला चहा मिळावा म्हणून आई साडेचारला उठत असे. सर्वांचे जेवण वेळेवर व्हावे म्हणून तिचे कधीच वेळेवर होत नसे. कुणी तापाने फणफणले तर रात्र तिची. आमचा नियमितपणा तिच्या अनियमितपणावर उभा होता. पुढे निघालेल्या कळपासाठी जी आयुष्यभर आधी उठली, तिच्यासाठी कळपाने आता थोडे थांबावे, एवढेच मागणे होते. आणि मी तिला घड्याळ दाखवीत होतो.

याचा अर्थ घरातील सर्वांनी रात्रभर जागावे असा नाही. आम्हीही थकणारी माणसे आहोत. माझ्या पत्नीची पाठ दुखते, मला दुपारी डुलकी लागते. वैद्यांच्या सल्ल्याने आईला सकाळी उन्हात बसवितो, संध्याकाळी दिवे लवकर लावतो. कधी त्याचा गुण येतो, कधी येत नाही. मात्र रात्रींच्या पाळ्या आम्ही वाटून घेतल्या आहेत. मंगळवार आणि शुक्रवार पुतण्याचे. तो तसाही जागाच असतो.

परवा दोनच्या सुमारास पाणी प्यायला उठलो, तर त्याच्या खोलीत दिवा होता. आई खुर्चीत बसून बशीतून चहा पीत होती आणि पडद्यावरील आकड्यांकडे कौतुकाने पाहत होती. मला दारात पाहून म्हणाली, "अरे, तू इतक्या लवकर कसा उठलास?" मी म्हटले, "जाग आली." तिने पुतण्याला माझ्यासाठी कप आणायला सांगितले.