हळहळ आणि पश्चात्ताप

बाळपणीच्या स्नेहाची जी माणसे काही कारणाने एकमेकांस दुरावतात, त्यांची पुन्हा भेट व्हावी अशी इच्छा प्रत्येक वाचकाच्या मनात असते. अशा भेटीच्या गोष्टी आमची तरुण मंडळी आवडीने वाचतात, आणि वाचताना त्यांचे डोळे भरून येतात. ह्यात वाईट काही नाही. परंतु आपण कशासाठी रडलो, हा प्रश्न पुस्तक मिटल्यावर स्वतःस विचारणे हितकर आहे, असे आम्हांस वाटते.

ह्या विचारासाठी बंगाली ग्रंथकार शरच्चंद्र चट्टोपाध्याय यांची 'देवदास' ही कादंबरी आम्ही घेतो. ती त्यांनी ऐन तारुण्यात लिहिली, व 1917 साली ती पुस्तकरूपाने निघाली. मामा वरेरकरांनी शरच्चंद्रांचे पुष्कळ ग्रंथ मराठीत आणल्यामुळे हे लेखक आपणांस परके नाहीत. ज्यांनी पुस्तक पाहिले नाही, त्यांस 1935, 1955 व 2002 साली निघालेल्या बोलपटांवरून ही कथा ठाऊक असेल.

जमीनदाराचा मुलगा देवदास व शेजारची पार्वती ही एकाच पाठशाळेत शिकत. देवदास खोडी करून बांबूच्या बनात लपून बसे, तेव्हा पार्वती पदरात मुरमुरे बांधून त्यास नेऊन देई. पुढे तो शिकावयास कलकत्त्यास गेला. पार्वती तेरा वर्षांची झाली तेव्हा तिच्या घरून सोयरिकीची गोष्ट निघाली; पण तिच्या घराण्यास कमी लेखून देवदासाच्या वडीलधाऱ्यांनी ती मोडून काढली. तेव्हा ती मुलगी लोकलज्जा बाजूस ठेवून रात्री त्याजकडे गेली व आपले मन तिने उघड केले. देवदासाच्याने निर्णय होईना. तो कलकत्त्यास निघून गेला आणि तेथून त्याने पत्र धाडले, की तुजवर माझे तसे प्रेम आहे असे मला कधी वाटलेच नाही.

येथे कोणी म्हणेल की, त्याने आईबापांचा शब्द राखला, त्यात त्याचा दोष कोणता? आम्ही म्हणतो, आज्ञापालन हा सद्गुण खरा. पण हे आज्ञापालन नव्हते. "माझे तुजवर प्रेम आहे, परंतु घरच्यांपुढे उभे राहण्याचे धैर्य मला नाही," असे त्याने लिहिले असते, तर ते दुबळे पण सत्य झाले असते. त्याने आपले भित्रेपण झाकण्याकरिता आपल्या प्रेमासच खोटे ठरविले. पुष्कळ दुरावे द्वेषामुळे पडत नाहीत. ते अशा एका भित्र्या असत्यामुळे पडतात.

पत्र टाकताच त्यास हळहळ वाटू लागली व तो गावी परत आला. तोवर पार्वतीचा विवाह हातीपोता येथील जमीनदाराशी ठरला होता. हा मनुष्य वयाने चाळिशीच्या जवळ आलेला, विधुर, आणि मोठाल्या मुलांचा बाप होता. असा विवाह आज कायद्याने गुन्हा ठरेल; तेव्हा तो प्रतिष्ठेचा मानला जाई. देवदासाने तळ्याच्या घाटावर तिला गाठले, आणि तिने मानीपणाने नकार देताच हातातील गळाची काठी तिच्या कपाळावर मारली. येथे वाचकांनी थांबावे. जो क्षमा मागावयास आला, तो क्षमा न मिळताच मारता झाला! ह्यावरून त्याचे दुःख कोणाकरिता होते हे उघड होते. त्यास तिची हानी दिसत नव्हती. केवळ स्वतःची दिसत होती. हळहळ म्हणते, "माझे गेले." पश्चात्ताप म्हणतो, "मी तुझे नेले."

पार्वती सासरी गेली. सावत्र मुलांचे मन तिने हळूहळू जिंकले आणि अतिथी व गोरगरीब यांच्या सेवेत तिने आपले दिवस घातले. तिच्यावर झालेला अन्याय ह्यामुळे न्याय ठरत नाही, हे आम्ही स्पष्ट सांगतो. तरी तिने आपल्या दुःखास कामास लावले. देवदासाने आपल्या दुःखास दारू पाजली. पुढे त्याच्या व्यसनाची वार्ता ऐकून ती त्यास भेटावयास आली. दारू सोड, आणि मला तुझी शुश्रूषा करू दे, इतकेच तिचे मागणे होते. ते वचन त्याच्याने देववले नाही. मरण्यापूर्वी एकदा तुझ्या दारी येईन, असे वचन मात्र त्याने दिले.

ते त्याने पाळले. मरणोन्मुख अवस्थेत तो पांडुआ स्टेशनावर उतरला, बैलगाडीने लांबची वाट कंठून रात्री हातीपोत्यास पोहोचला, आणि तिच्या घरासमोरील पिंपळाच्या पारावर त्याने प्राण सोडला. तो कोण होता हे तिला कळले तेव्हा उशीर झाला होता. आणि बाहेर धावली तर घरच्यांनी तिला धरले. ह्या वचनपूर्तीवर लक्षावधी लोक रडले आहेत. पण तिने मागितले एक, आणि त्याने दिले दुसरे. तिने त्याचे जीवन मागितले होते. त्याने आपले मरण तिच्या दारी आणून ठेवले. पेत्रही एकदा भिऊन खोटे बोलला व मोठ्याने रडला. परंतु रडणे संपल्यावर तो आपल्या बंधूंत परतला आणि कामास लागला. अश्रू दोघांचेही खरेच होते. भेद पडला तो अश्रूंनंतर.

ग्रंथाच्या शेवटी शरच्चंद्रांनी अशा अभाग्यासाठी वाचकांची करुणा मागितली आहे. ती आम्ही कृपणपणा न करता देतो, कारण देवदास दुष्ट नव्हता. परंतु करुणा देणे निराळे, आणि त्याची वाट धरणे निराळे.

प्रिय वाचकहो, आपल्या वाड्यावस्त्यांतही एकेकाळी एका ताटात जेवलेली माणसे आज एका विहिरीवर पाणी भरताना तोंड फिरवितात. भाऊ बहिणीशी, नवरा बायकोशी, मित्र मित्राशी वर्षानुवर्षे बोलत नाही, आणि मनात मात्र झुरतो. त्या झुरण्यास आपण प्रेम म्हणू नये. ज्याने दुखविले त्याने आपल्या असत्याचे नाव घेऊन ते कबूल करावे, आणि दुखावलेल्यास काय हवे ते विचारावे. ते देता येईल तर द्यावे. आणि नकार मिळाला तर हात न उगारता परत यावे. बैलगाडी सर्वांच्या दारी आहे. अंगात बळ आहे तोवर ती जुंपावी, हे बरे.