सोरपोतेल आणि आग्रह



नाताळ असो वा लग्न, सोरपोतेलशिवाय आपल्याकडचे जेवण पुरे होत नाही. हा पदार्थ मूळचा पोर्तुगालच्या आलेन्तेजू प्रांतातला. पोर्तुगिजांबरोबर तो इकडे आला आणि इथलाच झाला. डुकराच्या मांसाबरोबर काळीज, हृदय आणि जुन्या पद्धतीत रक्तही त्यात पडते. ज्या प्राण्याचा जीव घेतला त्याचे काही वाया घालवू नये, ही काटकसर त्यामागे आहे. व्हिनेगरमुळे तो टिकतो, मुरतो आणि दोन-तीन दिवसांनी अधिक रुचकर लागतो. म्हणून टोप मोठा चढतो आणि वाटी शेजारीही जाते.

काळीज आणि रक्त यांतील लोह शरीरात सहज शोषले जाते. काळजात अ आणि ब-12 ही जीवनसत्त्वेही भरपूर असतात. पण त्याच टोपात चरबी आणि मीठही असते. काळजातील प्युरिनमुळे युरिक अ‍ॅसिड वाढते व गाऊटचे दुखणे बळावते. एकाच्या पानात जे बळ देते, तेच दुसऱ्याच्या पानात अपाय करते.

येथे एक प्रश्न उभा राहतो. डॉक्टरांनी मनाई केलेल्या आजोबांना आपण म्हणतो, "आज सण आहे, एक पळी घ्याच!" हे प्रेम आहे का? अ‍ॅरिस्टॉटलच्या आधाराने संत थॉमस अ‍ॅक्वायनस सांगतात, की प्रेम करणे म्हणजे दुसऱ्याचे भले इच्छिणे. या कसोटीवर आपला आग्रह तपासून पाहू या. पुष्कळदा त्यात समोरच्याच्या भल्यापेक्षा आपल्या हाताच्या चवीचे कौतुक ऐकण्याची ओढ अधिक असते.

मग आजोबांना आतल्या खोलीत पेज नेऊन द्यावी का? तेही प्रेम नव्हे. माणूस सणाला केवळ पोट भरण्यासाठी बसत नाही; 'मी या घरचा आहे' हे त्याला तेथे कळते. पथ्य पाळताना त्याचे हे घरपण हिरावले जाऊ नये.

संत पौल रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या 14 व्या अध्यायात बजावतो, की आपल्या खाण्याने बंधूला दुःख होऊ देऊ नका. तेव्हा या सणाला आजोबांची खुर्ची मधोमध मांडू या. त्यांना सोसेल तेच, पण सर्वांबरोबर वाढू या. आणि कोणी "नको" म्हटले, तर कारण न विचारता पळी मागे घेऊ या.