दुकानाच्या फळ्या

आमच्या पेठेतल्या एका किराणा दुकानाला अजून लाकडी फळ्या आहेत. आजूबाजूच्या गाळ्यांना लोखंडी शटर आली. ती एका हिसक्यात खाली येतात. फळ्यांचं तसं नाही. प्रत्येक फळीवर आकडा घातलेला, एक ते अकरा. रात्री त्या क्रमानं खाचेत सरकवायच्या, सकाळी उलट्या क्रमानं काढायच्या. सातवी फळी पाचवीच्या जागी बसत नाही. लहानपणी मला वाटे, दुकान बंद करणं हे उघडण्यापेक्षा अवघड काम असावं. पुढं इतिहास वाचू लागलो तेव्हा कळलं, की पोराच्या त्या समजुतीत तथ्य होतं.

आज आपण ‘बंद’ म्हणतो. आधीची पिढी ‘हरताळ’ म्हणायची. हाट म्हणजे बाजार किंवा दुकान, आणि त्याला लागलेलं टाळं तो हरताळ. पण मराठीत याच उच्चाराचा आणखी एक शब्द पूर्वीपासून नांदत होता. हरिताल नावाचं पिवळं खनिज, त्याचाही हरताळच झाला. पोथी लिहिणाऱ्याचं अक्षर चुकलं, की तो त्यावर हरताळ फासायचा आणि वाळल्यावर वर नवं अक्षर काढायचा. दोन्ही शब्दांची कुळं वेगळी. भाषेनं मात्र त्यांना एकाच ओसरीवर आणून बसवलं. एका हरताळानं माणूस बोलतो, दुसऱ्यानं लिहिलेलं पुसतो. छोट्या व्यापाऱ्याचा आवाज या दोहोंच्या मध्ये कुठंतरी अडकलेला असतो, असं मला फार दिवस वाटत आलं आहे.

दुकान बंद करून बोलण्याची रीत जुनी आहे. शिवाजी महाराजांच्या सुरतेवरच्या दोन स्वाऱ्या, 1664 ची आणि 1670 ची, सगळ्यांना ठाऊक असतात. त्यांच्या मधल्या काळात, 1669 च्या सप्टेंबरात, त्याच शहरात शस्त्राविना एक मोठी घटना घडली. काझीच्या धार्मिक जबरदस्तीला कंटाळून सुरतेचे सुमारे 8,000 वाणी भीमजी पारेख यांच्या पुढाकारानं शहर सोडून भडोचला निघून गेले. मागं राहिलेल्यांनी महाजनाच्या, म्हणजे व्यापाऱ्यांच्या संघाच्या, आज्ञेवाचून दुकान उघडायचं नाही, असं ठरलेलं. टांकसाळ थांबली, जकातघर ओस पडलं, पैसा मिळेना आणि बाजारात जिन्नस मिळेना. बादशहाकडून अभयाचं आश्वासन आलं, तेव्हा डिसेंबरात ही माणसं परतली. याच सुरतेनं 1848 मध्ये कंपनी सरकारनं आणलेली नवी वजनमापं नाकारली आणि सरकारला तो बेत मागं घ्यावा लागला. जुलै 1908 मध्ये टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा मुंबईत गिरणी कामगारांनी सहा दिवस काम बंद ठेवलं. कापडबाजारानंही आपली दारं लावून घेतली.

या गोष्टी वाचताना ऊर भरून येतो हे खरं. पण फळ्या लावलेल्या दुकानाची मर्यादाही तिथंच दिसते. बंद दार ‘नाही’ म्हणू शकतं. काय हवं ते त्याला सांगता येत नाही. शिवाय दाराच्या आतल्या माणसाकडं महिनाभराचं धान्य असतं, बाहेरच्याचं पोट हातावर असतं. सुरतेत तीन महिने बाजार थंडावला, तेव्हा रोजचं पीठ रोज विकत घेणाऱ्याच्या चुलीचं काय झालं असेल? व्यापारी अनेकदा बोलतो तो कर वाढला, वजनं बदलली, रस्ता खणला म्हणून. त्यात गैर काही नाही. ज्याचं जळतं त्याला कळतं. प्रश्न त्याच्या पुढचा आहे. जे स्वतःचं जळत नाही त्याबद्दल दुकानदार कधी बोलतो, आणि बोलला तर त्याचं लोक का ऐकतात?

उत्तर शोधायला दारापासून आत, गादीपर्यंत जावं लागतं. तिथं लाल कापडी पुठ्ठ्याची वही असते. रोजमेळ, कीर्द, खतावणी ही तिची जुनी कुटुंबनावं. पहिल्या पानावर ‘श्री’, मग शुभ आणि लाभ. लक्ष्मीपूजनाला या वहीची पूजा होते, हळदकुंकू वाहिलं जातं. गल्ल्याच्या वर मात्र पाटी असते, ‘आज रोख, उद्या उधार’. तो उद्या कधीच उजाडत नाही, हा त्यातला विनोद. पण ज्या दुकानात ही पाटी असते त्याच दुकानात खतावणीही असते, आणि तिच्यात अर्ध्या गल्लीची नावं असतात. कुणाचा पगार अडला, कुणाच्या घरी पाहुणे वाढले, कुणी अचानक चहापत्तीऐवजी नुसता गूळ नेऊ लागलं, हे सारं त्या पानांत आकड्यांनी लिहिलेलं असतं. गल्लीचं इतकं खासगी चरित्र आणखी कुणाकडंच नसतं. म्हणूनच या वहीला पूजा मिळते तशी कधी आगही मिळते.

12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला बाजाराच्या दिवशी लोक जमले आणि सावकारांच्या घरादुकानांवर चालून गेले. गल्ला लुटण्यापेक्षा त्यांचं लक्ष कागदांवर होतं. कर्जरोखे, खतं, वह्या बाहेर काढून पेटवण्यात आल्या. दंगे पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतल्या गावांत पसरले. चौकशी आयोग बसला. 1879 मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. व्यापाऱ्याच्या समाजसेवेच्या कौतुकात सुप्याची ही राख विसरून चालत नाही. पेढीवरचा माणूस गावाचा आधार असतो, आणि गावाच्या गळ्यातला फासही तोच होऊ शकतो. दोन्हीकडं वही एकच असते.

त्याआधी अडीचशे वर्षं, सुप्याहून फार लांब नाही अशा देहूत, एका वाण्यानं आपल्या खतांचं वेगळं काही केलं होतं. तुकोबांच्या घरी महाजनकी होती, दुकान होतं, देणंघेणं होतं. 1630 च्या सुमाराच्या भीषण दुष्काळात व्यापार बसला, घरातली माणसं गेली. पुढं त्यांनी गहाणखतं इंद्रायणीत सोडून दिली, ही कथा महाराष्ट्राला पाठ आहे. तिच्यातला एक तपशील मात्र आपण घाईनं ओलांडतो. परंपरा सांगते, की त्यांनी आधी कागदांच्या दोन वाटण्या केल्या. अर्ध्या धाकट्या भावाच्या, कान्होबांच्या हाती दिल्या आणि फक्त स्वतःचा वाटा नदीला दिला. दुसऱ्याच्या हिश्श्याचं औदार्य त्यांनी केलं नाही. वैराग्यसुद्धा तराजूत तोलून घेतलेलं! मला यात पक्का वाणी दिसतो आणि तो पाहून संताबद्दलचा आदर वाढतो.

या कथेत आणखी एक गोष्ट दडलेली आहे. ज्याचं आपण देणं लागतो त्याच्यापुढं माणूस मान डोलावतो; ऐकत नाही. सावकाराचा उपदेशही तगाद्यासारखाच वाटतो. खतं बुडाल्यावर तुकोबा आणि गाव यांच्यामधला जमा-नावेचा हिशेब संपला, आणि मग त्यांचं बोलणं बोलणं म्हणून ऐकू येऊ लागलं. दुकानातून सुटताना त्यांनी दुकानातली एक वस्तू मात्र बरोबर नेली असावी. ती म्हणजे पत.

‘पत’ हा शब्द किती विलक्षण आहे पाहा. बाजारात त्याचा अर्थ उधारीची लायकी, आणि बाजाराबाहेर अब्रू. दोन अर्थांना वेगळे शब्द करावेत असं मराठी माणसाला कधी वाटलं नाही. पत म्हणजे वर्षानुवर्षं बरोबर मापात दिलेल्या तांदळाची साठलेली रास. ती दिसत नाही, मोजता येत नाही, आणि तोंड उघडलं की खर्च होऊ लागते. कारण दुकानाच्या ओट्यावर सगळ्या पक्षांची, सगळ्या जातींची, एकमेकांशी न बोलणारी माणसं येतात. दुकानदार एका बाजूनं बोलला, की दुसऱ्या बाजूची पिशवी पलीकडच्या दुकानात जाते. म्हणून त्याचं गप्प राहणं दर वेळी भित्रेपणाचं नसतं. भांडणाऱ्या दोन शेजाऱ्यांना एकाच तराजूसमोर उभं राहता यावं, ही देखील वस्तीची एक गरज असते. पण नेहमीच गप्प राहणाऱ्याची पत ही नुसती साठवलेली पत. पुरून ठेवलेल्या मोहरांसारखी ती कुणाच्या कामाला येत नाही.

ज्यानं ती उघड्या हातानं खर्चली असा एक व्यापारी पुण्यात होऊन गेला. 1882 मध्ये शिक्षणाच्या चौकशीसाठी हंटर आयोग आला, तेव्हा त्याच्यापुढं निवेदन ठेवताना या गृहस्थानं आपली ओळख करून दिली ती व्यापारी आणि शेतकरी म्हणून. नाव जोतीराव गोविंदराव फुले. आपण त्यांना महात्मा म्हणतो आणि त्यांनी स्वतः निवडलेली ही ओळख नजरेआड करतो. वडिलांचा फुलांचा आणि भाजीचा धंदा. जोतीरावांनी स्वतः बांधकामाची कंत्राटं घेतली, धरणाच्या कामाला सामान पुरवलं, धातूच्या ओतकामाचं साहित्य विकलं, मांजरीला शेती केली. मुलींची शाळा 1848 ची, सत्यशोधक समाज 1873 चा. त्यामागं वर्गणी होती तशी ही कमाईही होती. 1877 च्या दुष्काळात धनकवडीला उपाशी मुलांसाठी बालाश्रम चालवला गेला, त्याच्या मदतीचं आवाहन त्यांचं होतं. निवेदनात त्यांनी मागितलं ते व्यापाऱ्यासाठी काहीच नव्हतं. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, अशी ती मागणी होती.

नगरपालिकेत ते 1876 पासून सदस्य होते. 1880 मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्यात येणार म्हणून शहर सजवायला 1,000 रुपये खर्चण्याचा प्रस्ताव आला. हा पैसा गरिबांच्या शिक्षणाला द्यावा, असं म्हणून विरोधात मत दिलं ते एकट्या फुल्यांनी. सरकारी कामांची कंत्राटं घेणाऱ्या माणसानं सरकारच्या सर्वोच्च पाहुण्याच्या स्वागताला नकार द्यावा, याचा व्यापारी हिशेब मांडून पाहिला तर तो नावेच्याच बाजूला जातो. अखेरच्या आजारपणात घरात ओढगस्त होती आणि त्यांचे स्नेही मामा परमानंद यांना बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडे त्यांच्यासाठी शब्द टाकावा लागला. रोजमेळात शिल्लक काय राहिली, हे त्या घरानं भोगलं. खतावणीत काय जमा झालं, ते आपण अजून वापरतो. पुण्याच्या मंडईला आज त्यांचं नाव आहे. तिथं भाजी घेताना कुणी त्यांना आठवत नाही, आणि फुलांच्या दुकानात वाढलेल्या माणसाला ते फारसं खटकलंही नसतं.

मोठ्या माणसांची उदाहरणं दिली की आपण सुटतो, म्हणून पुन्हा फळ्यांच्या दुकानाकडे येतो. काही वर्षांपूर्वी आमच्या रस्त्यावर पथारी टाकून बसणाऱ्या भाजीवाल्या बायकांना हलवावं, म्हणून दुकानदारांनी बैठक बोलावली. दुकानं झाकली जातात, गाड्या लावायला जागा उरत नाही, तक्रारी खऱ्याच होत्या. पथविक्रेत्यांसाठी 2014 चा कायदा आहे, त्यांचं सर्वेक्षण पूर्ण होईपर्यंत त्यांना उठवता येत नाही, त्यांच्याविषयी ठरवणाऱ्या समितीत किमान 40 टक्के जागा त्यांच्याच असतात, यातलं काही बैठकीत कुणी उच्चारलं नव्हतं. ठराव होणार इतक्यात फळ्यांच्या दुकानाचे काका उठले. बोलण्याची सवय नसल्यानं ते खुर्चीच्या पाठीला धरून उभे होते.

“बायका बसतात त्या माझ्याच दारात,” ते म्हणाले. “दुकान झाकलं जातं, खोटं कशाला बोलू? पण त्यांच्याकडं मेथी घेतलेलं गिऱ्हाईकच माझ्याकडं लसूण-मोहरी मागतं. आणि दुपारी मी जेवायला वर जातो, तेव्हा गल्ल्यावर लक्ष कोण ठेवतं? तुम्ही?”

कायदा त्यांना माहीत नव्हता. माणुसकीचा शब्दही त्यांनी काढला नाही. त्यांनी फक्त आपली वही उघडून दाखवली, आणि तिच्यात या बायका जमेच्या बाजूला होत्या. ठराव त्या दिवशी बारगळला. त्या दिवाळीत व्यापारी मंडळाच्या फराळाचं बोलावणं काकांना आलं नाही. विसरलं असेल, असं ते म्हणतात.

मार्च 2020 मध्ये टाळेबंदी आली, तेव्हा सरकारी आदेशानं शहराला असा हरताळ लागला की सुरतेच्या महाजनांनाही जमला नसता. किराणा दुकानं तेवढी उघडी राहिली. काकांनी दारापुढं खडूनं चौकोन आखले, अकरापैकी चार फळ्या काढून तेवढ्या फटीतून ते सामान देत. आतली खतावणी त्या महिन्यांत किती फुगली, हे मी विचारलं नाही. त्यातली काही पानं वसूल झाली असतील, काही नदीत सोडावी लागली असतील.

परवा रात्री उशिरा तिथून जात होतो. बायका पाट्या आवरत होत्या. काका एकेक फळी सरकवत दहावीपर्यंत आले आणि थांबले. उरलेल्या फटीतून एका बाईनं आपला तराजू आत दिला, मग दुसरीनं, मग तिसरीनं. रात्रभर रस्त्यावर ठेवला तर जातो म्हणून. काकांनी ते आत भिंतीशी ओळीनं ठेवले, वजनं मोजून घेतली आणि मग अकरावी फळी लावली.