कृत, कारित, अनुमोदित : वैद्यकातील मोबदला आणि उत्तरदायित्व

वैद्याला पैसे कशाचे द्यायचे आणि उपचार चुकला तर जाब कोणाला विचारायचा, हे दोन प्रश्न फार जुन्या काळापासून एकत्र आलेले दिसतात. बॅबिलोनचा राजा हम्मुराबी याच्या संहितेत (इसवी सनपूर्व सुमारे १७५०) शल्यवैद्याचे दर ठरवून दिले आहेत. मोठी जखम किंवा डोळा बरा केल्यास उमरावाकडून दहा शेकेल चांदी, सामान्य माणसाकडून पाच, गुलामासाठी त्याच्या मालकाकडून दोन. शस्त्रक्रियेत उमराव दगावला तर वैद्याचे हात तोडायचे. सामान्य माणसाचा गुलाम दगावला तर बदली गुलाम देऊन वैद्य मोकळा. हिशेब चोख आहे. पण अशा कायद्याखाली शहाणा वैद्य अवघड दुखण्याच्या उमरावाला हातच लावणार नाही, हेही उघड आहे.

तत्त्वज्ञानात हा प्रश्न नेमकेपणाने मांडला तो प्लेटोने. ‘रिपब्लिक’च्या पहिल्या भागात थ्रॅसिमॅकस म्हणतो, की सत्ता ज्याच्या हाती तो स्वतःचेच हित पाहतो. सॉक्रेटिस त्याला वैद्याचे उदाहरण देतो. वैद्य हा वैद्य या नात्याने रोग्याच्या शरीराचेच हित पाहतो. पैसे मिळवणे ही त्याला जोडून असलेली, पण निराळी कला आहे. युक्तिवाद देखणा आहे. मात्र एकाच माणसाच्या अंगी असलेल्या या दोन कला एकमेकींत मिसळत नाहीत, हे त्यात गृहीत धरलेले आहे आणि सगळी अडचण तिथेच आहे.

भारतीय परंपरेलाही ही अडचण ठाऊक होती. चरकसंहितेचे सूत्रस्थान आयुर्वेद शिकण्याच्या हेतूंमध्ये उपजीविका हा हेतू मान्य करते. त्याच ग्रंथाचे चिकित्सास्थान मात्र उपचाराचा बाजार मांडणाऱ्यांना सोने टाकून धूळ गोळा करणारे ठरवते. म्हणजे उपजीविका चालेल, विक्री चालणार नाही. रेषा कुठे ओढायची, ते वैद्याच्या विवेकावर सोडलेले आहे. गीतेतील फलत्यागाचे उत्तरही आत वळणारे आहे : कर्म सोडू नये, फळावरची आसक्ती सोडावी. लोकमान्य टिळकांनी १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त याच विचाराला लोकसंग्रहाची जोड दिली. मराठी समाजात ‘देवमाणूस’ डॉक्टरची जी प्रतिमा रुजली आहे, तिच्या मुळाशी हीच धारणा असावी. डॉक्टर निर्लोभी असला की उपचार शुद्ध होतो, असे ती मानते.

ही धारणा अपुरी पडते, कारण मोबदल्याची पद्धत काम करते ती लोभी माणसावरच असे नाही. वैद्यकातले पुष्कळ निर्णय संशयाच्या पट्ट्यात मोडतात. जॉन वेनबर्ग आणि ॲलन गिटल्सन यांनी १९७३ मध्ये अमेरिकेतील व्हर्माँट राज्याचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा एकमेकांसारख्याच वस्त्यांमध्ये टॉन्सिल काढण्याचे प्रमाण कमालीचे वेगळे आढळले. फरक मुलांच्या घशात असण्यापेक्षा डॉक्टरांच्या रिवाजात होता. शस्त्रक्रिया करावी असेही प्रामाणिकपणे म्हणता येते आणि थांबावे असेही, अशा जागी पारडे कोणत्या बाजूला झुकेल हे सवय, भीती आणि पैसा मिळून ठरवतात. डॉक्टरला आपण लबाडी केली असे वाटत नाही. वाटण्याचे कारणही नसते. अर्थशास्त्रज्ञ केनेथ ॲरो यांनी १९६३ च्या निबंधात याचीच दुसरी बाजू दाखवली होती. रोग्याला मालाची पारख करता येत नाही, म्हणून डॉक्टरने व्यापाऱ्यासारखे वागू नये अशी समाजाची अपेक्षा असते.

मोबदल्याच्या प्रत्येक पद्धतीला आपापला कल असतो. दर कामामागे पैसे दिले की कामे वाढतात. माणशी ठरावीक रक्कम दिली, जशी ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेत १९४८ पासून सामान्य डॉक्टरांना मिळत आली, की कमी करण्याकडे ओढा राहतो. नुसत्या पगारात सुस्तीला वाव असतो. अमेरिकेच्या मेडिकेअरने १९८३ पासून निदानागणिक ठोक रक्कम द्यायला सुरुवात केली आणि रुग्णालयातील मुक्काम आखडले. पुरते बरे होण्याआधीच घरी पाठवतात अशी ओरडही झाली. आपल्याकडच्या जनआरोग्य योजनांची ‘पॅकेज’ याच जातीची आहेत. निर्दोष पद्धत एकही नाही.

भारतात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) खासगी रुग्णालयांतील ४७.४ टक्के प्रसूती सिझेरियनने झाल्याचे नोंदले गेले. सरकारी रुग्णालयांत हेच प्रमाण १४.३ टक्के होते. सगळा फरक पैशाचा म्हणता येणार नाही. सरकारी आकड्यात शस्त्रक्रियेची सोयच नसलेली केंद्रेही आहेत, आणि सिझेरियन मागून घेणारी कुटुंबेही असतात. तरी एवढी तफावत गर्भारपणाच्या गुंतागुंतीने भरून निघत नाही.

कायद्याने उत्तरदायित्व लावले, तेही मोबदल्याच्या दोरीला बांधून. १९९५ च्या व्ही. पी. शांता खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली आणली. जिथे सगळ्यांनाच मोफत उपचार मिळतात तिथला रोगी मात्र ‘ग्राहक’ ठरत नाही. जिथे कोणीच काही देत नाही तिथे या वाटेने जाब मागता येत नाही, ही गोष्ट हम्मुराबीला परकी वाटली नसती. शिवाय जाब विचारला जातो तो बहुधा झालेल्या इजेबद्दल. नीट पार पडलेल्या, पण अनावश्यक शस्त्रक्रियेबद्दल तक्रार करणार कोण? रोगी तर आभार मानून घरी गेलेला असतो.

डॉ. अरुण गद्रे आणि डॉ. अभय शुक्ला यांनी देशातील ७८ डॉक्टरांशी बोलून जो ऐवज जमवला, त्यातून ‘कट’बरोबरच, म्हणजे रोगी पाठवल्याबद्दलच्या कमिशनबरोबरच, रुग्णालयांनी डॉक्टरांना दिलेल्या ‘टार्गेट’चेही चित्र उभे राहते. कटला डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या आचारनियमांची स्पष्ट बंदी आहे. टार्गेट मात्र कोणत्याही एका रोग्यावर अन्याय करीत नाही. ते फक्त महिन्याच्या बेरजेबद्दल बोलते. शस्त्रक्रियेच्या कागदावर सही डॉक्टरची, बेरीज व्यवस्थापकाची आणि नफा भागधारकांचा.

इथे पतंजलीच्या योगसूत्रांतील एक विभागणी उपयोगी पडते. दुसऱ्या पादात हिंसादी दोषांचे तीन प्रकार सांगितले आहेत : कृत, म्हणजे स्वतः केलेले, कारित, दुसऱ्याकरवी करवलेले, आणि अनुमोदित, ज्याला संमती दिली ते. तिन्हींच्या मुळाशी लोभ, क्रोध किंवा मोह असू शकतो आणि तिन्हींचे फळ दुःख आणि अज्ञान. अनेक हातांनी मिळून झालेल्या कामात दोष कोणाचा, हे आधुनिक संस्थांना सतावणारे कोडे या विभागणीने पुरते सुटत नाही. पण करणाऱ्याची चौकशी झाली म्हणजे करवणारा सुटला, हा सोयीचा समज ती मोडते.

ही विभागणी कसाला लागते ती बीड जिल्ह्यात. ऊसतोड कामगार महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये गाजला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीसाठी झालेल्या सर्वेक्षणात ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. म्हणजे साधारण सहा जणींत एक. देशात १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांमध्ये हे प्रमाण २०१५-१६ च्या सर्वेक्षणात ३.२ टक्के होते. शस्त्रक्रियेचे पैसे डॉक्टरला मिळाले, हा एक मोबदला. दुसरा मोबदला फडात ठरतो. नवराबायको मिळून एक ‘कोयता’, मुकादमाकडून हंगामाआधी घेतलेली उचल, आणि कामाचा दिवस बुडाला की खाड्याचा दंड. पाळीच्या तक्रारीने दिवस बुडणे परवडत नाही, पाण्याची-शौचाची सोय नसल्याने संसर्ग बळावतो, आणि ‘पिशवी’ काढली की कटकट मिटेल असे सांगणारा कोणीतरी भेटतो. बाईची संमती खरी असते. ती उचलीच्या ओझ्याखाली दिलेली असते, एवढेच.

या घटनेत कृत डॉक्टरचे आहे, यात शंका नाही. कारित मुकादमाचे, आणि त्याला उचलीसाठी पैसे पुरवणाऱ्या कारखान्याचे. स्वस्त तोडणीवर चालणारी साखर घेणारा ग्राहक अनुमोदनातून पूर्णपणे बाहेर राहतो का, हा प्रश्न गैरसोयीचा असला तरी अप्रस्तुत नाही. चौकशीनंतर बीडमध्ये अशा शस्त्रक्रियेसाठी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी आवश्यक करण्यात आली. सर्वोच्च न्यायालयानेही एप्रिल २०२३ मध्ये अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्यासाठी केंद्राने आखलेली मार्गदर्शक तत्त्वे तीन महिन्यांत स्वीकारण्याचे आदेश राज्यांना दिले. दोन्ही उपाय योग्य आहेत आणि दोन्ही शस्त्रक्रियागृहाच्या दारापाशी थांबतात. परवानगीसाठी रोग्याचे वय आणि निदान तपासले जाते; तिच्या कोयत्यावर उचल किती आहे आणि खाड्याचा दंड किती, हे त्याच गांभीर्याने तपासले जात नाही तोवर उत्तरदायित्व अर्धवटच ठरवले गेले आहे.