आधी भाकर, मग बोध
(१ राजे, अध्याय १९)

काष्टीच्या बाजारातून आणिलेली गाय व्याली म्हणजे आपण तिला निवांत जागी बांधितो. बाळंतिणीसही आपण डिंकाचे लाडू व शेक देतो; परंतु तिच्या मनाची विचारपूस कोण करितो? बाळ कुशीत असता ती रडू लागली, तर "विश्वास उणा पडला" असे आम्हीही म्हटले आहे, व त्याची आम्हांस लाज वाटते. तो आजार आहे, आणि त्यास उपाय आहे.

एलीया झुडपाखाली मरण मागत पडला, तेव्हा देवाने त्यास दोष दिला नाही. झोप, भाकर व पाणी दिले, पुन्हा निजू दिले. बोलणे मागाहून झाले. आपणही तसेच करू. पित्याने रात्री बाळ घ्यावे. सासूने टोमणा गिळावा. आईचे हसणेबोलणे हे तान्ह्याच्या मनाचे अन्न होय. आशाताई ४२ दिवसांपर्यंत घरी येतात. त्यांस सर्व सांगावे. २०२२ साली सुरू झालेल्या १४४१६ या सरकारी दूरध्वनीवर विनामूल्य सल्ला मिळतो. उदासी दोन आठवडे टिकल्यास डॉक्टरांकडे न्यावे; जीव नकोसा झाला असे ती बोलल्यास त्याच दिवशी न्यावे, एकटी ठेवू नये.

प्रार्थना अवश्य करावी. पण आधी तिला निजू द्यावे.