किल्ली आणि आसन

औंढा नागनाथला नंदी महादेवासमोर नाही, देवळाच्या मागे आहे. असे का, हे हिंगोली जिल्ह्यात शाळकरी पोरही सांगेल. नामदेव महाराज देवळासमोर कीर्तनाला उभे राहिले. तिथल्या मंडळींनी त्यांना हटकले आणि मागे जायला सांगितले. नामदेव मुकाट्याने मागे गेले आणि तिथे कीर्तन सुरू केले. मग देऊळच फिरले. देवाचे तोंड नामदेवांकडे झाले आणि नंदी होता तिथेच राहिला. गुरू ग्रंथ साहिबात नामदेवांची ६१ पदे आहेत, त्यांतही देऊळ फिरल्याचा प्रसंग आलेला आहे.

भक्त या कथेत चमत्कार पाहतात आणि ते योग्यच आहे. पण कथेच्या पोटात एक रोकडा प्रश्नही आहे. त्या दिवशी देऊळ ताब्यात कोणाच्या होते? ज्यांच्या कमरेला किल्ली होती, त्यांनी पुढे कोण उभे राहणार आणि मागे कोण जाणार हेही ठरवून टाकले. दार सांभाळण्याचे काम त्यांच्याकडे होते. देवासमोर बोलायला पात्र कोण, हे ठरवण्याचा अधिकार त्यांना कोणी दिला होता?

दार सांभाळायला कोणीतरी लागतेच, हे औंढ्याला जाऊन आलेल्या माणसाला वेगळे सांगायला नको. गाभारा जमिनीखाली आहे. अरुंद वाटेने, अंग चोरून, वाकून खाली उतरावे लागते आणि आत एका वेळी मोजकीच माणसे मावतात. महाशिवरात्रीला रांग लावली नाही, तर चेंगराचेंगरी होईल. म्हणून व्यवस्था नको असे म्हणणे सोपे असले तरी खरे नाही. रांग लावणारा हात आणि 'मागे जा' म्हणणारा हात एकच असतो, खरी अडचण तिथे आहे.

याच देवळात गुरू विसोबा खेचरांनी नामदेवांना जो धडा दिला, तो या प्रश्नाची दुसरी बाजू दाखवतो. पिंडीवर पाय ठेवून पडलेल्या विसोबांनी सांगितले, जिथे देव नसेल तिथे माझे पाय उचलून ठेव. नामदेवांना अशी जागा सापडली नाही. देव सगळीकडे असेल, तर देवासाठी दार लागत नाही. दार माणसांसाठी लागते, कारण माणसांना एकत्र यायला छप्पर, पाणी, उजेड आणि ठरलेली वेळ लागते.

माणसे अशी एकत्र आली, ते कर्नाटकातले बसवकल्याण औंढ्यापासून फार लांब नाही. बाराव्या शतकात तिथे महात्मा बसवेश्वरांचा अनुभव मंटप भरत होता. त्याची स्वतंत्र इमारत होती की तो निव्वळ शरणांचा, म्हणजे बसवेश्वरांच्या पंथातल्या भक्तांचा, मेळावा होता, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. परंपरा मात्र एक गोष्ट ठामपणे सांगते. बसवेश्वर हे बिज्जल राजाचे भांडारी, मंत्री. मेळाव्याचा भार त्यांच्यावर, येणाऱ्याजाणाऱ्याची सोय त्यांच्याकडे. पण शून्यसिंहासनावर, म्हणजे अध्यक्षाच्या आसनावर, ते बसले नाहीत. तिथे बसले अल्लमप्रभू. समोर डोहर कक्कय्या यांच्यासारखे कष्टकरी जातींतले शरण होते. अक्कमहादेवी आल्या तेव्हा अल्लमप्रभूंनी त्यांना कडक प्रश्न विचारले. पण ते प्रश्न अनुभवाचे होते. तिजोरीची किल्ली असलेल्या माणसाने दारात अडवून विचारलेले नव्हते.

किल्ली एकाकडे आणि आसन दुसऱ्याकडे, ही रचना सार्वजनिक जागेच्या नीतीचा पाया मानायला हवी.

२६ जुलै २०२३ रोजी दिल्लीत प्रगती मैदानावर भारत मंडपमचे उद्घाटन झाले. या नावामागे बसवेश्वरांच्या अनुभव मंटपाची प्रेरणा असल्याचे पंतप्रधानांनी तेव्हा सांगितले. हे संकुल केंद्राच्या वाणिज्य मंत्रालयाखालची व्यापार संवर्धन संस्था चालवते. त्याच वर्षी सप्टेंबरात तिथे जी-२० देशांचे प्रमुख बसले होते. दर नोव्हेंबरात प्रगती मैदानावर व्यापार मेळा भरतो आणि त्यातल्या सरस आजीविका मेळ्यात देशभरच्या बचत गटांच्या बाया पापड, मसाले, साड्या मांडून बसतात. एकाच आवारात राष्ट्रप्रमुख आणि मसाला कांडणारी बाई, ही गोष्ट लहान नाही. पण नाव बसवेश्वरांचे घेतले की मोजमापही त्यांचेच लावले पाहिजे. त्या बाईला तिथे दुकान मिळते. बोलायला माइक मिळतो का?

नवी मुंबईत वाशीला सिडकोचे प्रदर्शन केंद्र आहे. एरवी तिथे उद्योगांची, घरांची, यंत्रांची प्रदर्शने भरतात आणि भाडे भरील त्याला जागा मिळते. यात गैर काही नाही, एवढ्या मोठ्या छताची देखभाल आणि विजेचे बिल कुठून तरी निघालेच पाहिजे. पण २०२० मध्ये त्याच दालनांत महापालिकेने करोना रुग्णांसाठी खाटा मांडल्या, तेव्हा जागेवर पहिला हक्क गरजेचा होता, पैशाचा नव्हता.

याच्या उलटे चित्र तिथून जवळच, खारघरच्या मैदानावर १६ एप्रिल २०२३ रोजी दिसले. महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा राज्य सरकारचा होता. व्यासपीठावर छप्पर होते आणि लाखोंचा श्रोतृवर्ग उन्हात बसला होता. उष्माघाताने १४ जणांचे प्राण गेले. श्रद्धेने आलेल्या माणसाला सावली देणे हे यजमानाचे पहिले काम. ते राहिले, याची टोचणी महाराष्ट्राला कायम लागून राहायला हवी.

जागा कोणाची आणि ती सांभाळणारा कोण, याबाबत आपल्या कायद्याने एक खोल गोष्ट मान्य केली आहे. देवस्थानाची मालमत्ता देवाची असते. देव कायद्याच्या दृष्टीने व्यक्ती आहे, पण कायमचा अज्ञान, म्हणजे स्वतःचा कारभार स्वतः न पाहू शकणारा. विश्वस्त फक्त सांभाळ करतात. हाच विचार सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये लखनौच्या झंडेवाला बागेला लावला. महापालिकेने ती जुनी बाग भुयारी बाजारासाठी बिल्डरच्या हवाली केली होती. बाग लोकांची आहे, पालिका विश्वस्त आहे, असे म्हणत न्यायालयाने बांधकाम पाडून बाग पूर्ववत करायला सांगितले. देवाच्या जागी लोकांना ठेवले, तर सार्वजनिक सभागृहाचा सगळा धर्म यात येतो. समाजही देवासारखाच गप्प असतो. त्याच्या वतीने बोलणारे पुष्कळ असतात आणि त्यातला प्रत्येकजण स्वतःला पुजारी समजतो.

हिंगोलीत दिल्लीसारखे संकुल नाही. रामलीला मैदान आहे. दसरा महोत्सवात तिथे रामलीला होते, प्रदर्शन भरते, रावणदहनाला आजूबाजूच्या गावांतून माणसे लोटतात. आणि शहरात हळदीचे मार्केट यार्ड आहे, त्याला संत नामदेवांचेच नाव आहे. हंगामात तिथे हळदीच्या वाहनांची रांग लागते. ढिगातले हळकुंड उचलून, मोडून, आतला रंग पाहून व्यापारी भाव बोलतो. ज्याने नऊ महिने पीक सांभाळले तो शेजारी उभा राहून ऐकतो. या यार्डाचा कारभार बाजार समिती पाहते आणि समिती कायद्याने शेतकऱ्याच्या हितासाठी आहे. नामदेवांच्या नावाच्या जागेत बोलण्याची पाळी शेतकऱ्याची आधी यावी, ही अपेक्षा फार मोठी नाही.

आषाढी करून परतणारे वारकरी नर्सीला नामदेवांच्या गावी येऊन परतवारी पुरी करतात. त्यांच्यासाठी असो की हळद उत्पादकांच्या परिषदेसाठी, उद्या हिंगोलीत मोठे सभागृह उभे राहिले, तर त्याच्या पहिल्याच ठरावात काही गोष्टी लिहिलेल्या असाव्यात. वर्षातले ठरावीक दिवस भाडे न देऊ शकणाऱ्यांचे असावेत. कोणत्या तारखेला जागा कोणाला दिली, याचा तक्ता दारावर लावावा. सभागृह चालवणाऱ्या अधिकाऱ्याने किंवा पुढाऱ्याने तिथल्या कार्यक्रमाचे अध्यक्षपद घेऊ नये. आणि कोणाला जागा नाकारली, तर ती कोणी व कोणत्या नियमाने नाकारली हे सहीनिशी लिहून द्यावे, म्हणजे त्या माणसाला दाद मागता येईल.